सात ठिकाणी आवाज बंद

"वहिनी, रविवारी तुमच्या शाळेचा हॉल मोकळाच असतो ना?"

दिगूनं हे विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात पोह्यांचा घास होता आणि माझ्या बाहेरच्या खोलीत, अगदी येण्याजाण्याच्या वाटेत, त्याचा भला मोठा लोखंडी पेटारा होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं आला होता. हा माझा धाकटा दीर. न कळवता आला आणि पहिल्याच घासाला पोह्यांची तारीफ करायला लागला, की समजायचं, स्वारी काहीतरी मागायला आली आहे.

"मोकळा असतो. तुला कशाला हवाय?"

"फिल्म दाखवायचीय."

"गावात दोन टॉकीज आहेत की."

"दोघंही नाही म्हणाले. वाचनालयवाले म्हणाले, समिती बाहेरगावी गेलीय. आख्खी समिती. मंगल कार्यालयवाल्यानं तर विचारलं, फिल्ममधे लग्न आहे का."

मला हसू आलं, त्यालाही आलं. हसताना तो थेट आपल्या भावासारखा दिसायचा. आता दोघंही नाहीत. दिगूला जाऊन चार वर्षं झाली, आणि पोहे करायला घेतले की अजून माझ्या हातून एक मूठ जास्तीची भिजते.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. तालुक्याच्या गावी आमचं मूकबधिर विद्यालय होतं. तिथं बावीस वर्षं शिकवून मी त्या वर्षी कार्यवाहक मुख्याध्यापिका झाले होते. कार्यवाहक म्हणजे खुर्ची दिली, पण पाठ टेकायची नाही. यजमान नोकरीनिमित्त साताऱ्याला, घरात मी एकटी. दिगू फिल्मा करायचा. नटनट्यांच्या नव्हे, खऱ्या माणसांच्या. आमच्या सासूबाई म्हणायच्या, "याच्या फिल्ममधे गाणं नाही, मारामारी नाही, मग लोक बघतात काय?" तो म्हणायचा, "आई, लोक बघतच नाहीत."

या वेळची फिल्म आमच्याच भागातली होती. गावापासून सहा मैलांवर गारेचे दगड दळून त्यांची पूड करायचा एक कारखाना होता. ती पूड काचेला लागते, चिनीमातीच्या भांड्यांना लागते. लोक त्याला पांढरी गिरणी म्हणायचे. कामाला बहुतेक बायका. पाच-सात वर्षं काम केलं की बाई खोकायला लागायची, मग वाळायची, मग जायची. दिगू दोन वर्षं तिथं चकरा मारत होता. कॅमेऱ्यासमोर बोलायला कुणी तयार नव्हतं. एकच बाई बोलली, सारजाबाई. ती बोलली आणि सहा महिन्यांनी तीही गेली.

"मग आता अडचण काय? सेन्सॉरची परवानगी मिळाली म्हणालास ना?"

"मिळाली. सात ठिकाणी आवाज बंद करून."

"म्हणजे कापलं?"

"कापलं असतं तर परवडलं असतं. चित्र तसंच ठेवलं, आवाज तेवढा पुसला. मूळ टेपही जमा करून घेतली. आणि ती सातच्या सात ठिकाणं सारजाबाईची आहेत, वहिनी. आख्ख्या फिल्ममधे तिचा एक शब्द उरलेला नाही. नुसतं तोंड हलतं."

"मग तू सांग ना उभं राहून. तुला तर तोंडपाठ असेल ती काय म्हणाली ते."

त्यानं हात पुसले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. काढून टाकलेले शब्द तोंडी, लेखी किंवा छापील, कोणत्याही रूपात कुणाला कळवणार नाही असं त्यावर होतं, आणि खाली दिगूची सही होती. प्रत्येक खेळाला पोलीस हजर राहील असंही होतं.

"आणि तू सही केलीस?"

"केली. नाहीतर सगळंच गेलं असतं." मग म्हणाला, "सारजाबाईची लेक येणारय रविवारी. अनुसा. तिला लांब जतकडं दिलीय. कुणाकडून तरी पत्र लिहून घेऊन धाडलंय तिनं. म्हणते, आमच्याकडं आईचा फोटोपण नाही, तुमच्या शिनेमात आई बोलते असं कळलं, ऐकायला येते. ऐकायला, वहिनी. मी तिला काय ऐकवू?"

मी मोठी धीट बाई होते अशातला भाग नाही. संस्थेच्या चिटणीसांचा नुसता पायरव ऐकला तरी मी पदर सारखा करायची. पण ते 'ऐकायला येते' माझ्या जिवाला लागलं. ज्यांना ऐकू येत नाही अशा पोरांत माझी उमर चालली होती. मी म्हटलं, "घे हॉल."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही हॉलच्या खिडक्यांना वसतिगृहातल्या चादरी लावल्या. पमा मदतीला होती. पमा चौगुले, आमची शिवणाची शिक्षिका. माझी पहिली विद्यार्थिनी. पाचव्या वर्षी आली तेव्हा तिच्या तोंडून किंकाळीशिवाय दुसरा आवाज निघत नव्हता. जन्मापासून ठार बहिरी. तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून, ओठांपुढं कागदाची पट्टी धरून, आरशात बघून बघून, एकेक अक्षर मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. अकरा वर्षं लागली. आता ती सव्वीस वर्षांची होती, बोलायची, आणि समोरच्याचे ओठ बघून त्याचं बोलणं ओळखायची. शाळेत आम्ही त्याला ओष्ठवाचन म्हणायचो.

आणि शाळेचा एक कडक नियम होता, हातांनी बोलायचं नाही. मुलं हातवारे करायला लागली की आम्ही त्यांना हात मांडीखाली घेऊन बसवायचो. हातांची सवय लागली की तोंड उघडत नाहीत, असं आम्हाला शिकवलं होतं आणि आम्ही ते मुकाट मानलं होतं.

दिगूकडं प्रोजेक्टरचा दिवा एकच होता, परदेशी. तो गेला की खेळ संपला. म्हणून सबंध फिल्म न लावता मशीन चालतंय एवढं बघायला त्यानं मधलंच एक रीळ लावलं. पडद्यावर सारजाबाई आली. चाळिशीची असेल. भुवया, पापण्या, केस, सगळ्यावर पांढरी पूड, पीठ दळून आल्यासारखी. तिनं पदरानं तोंड पुसलं, आमच्याकडं बघितलं आणि बोलायला लागली, तोच आवाज गेला. मशीनची घरघर तेवढी राहिली. मला ते बघवेना. एखाद्या बाईचं तोंड कुणी दाबून धरलंय आणि आपण समोर बसलोय असं वाटलं. मी मान खाली घातली.

शेजारी काहीतरी हललं. पमाचे हात चालले होते, भराभर, स्वतःशीच. मी सवयीनं तिचं मनगट धरलं आणि तिनं माझ्याकडं बघितल्यावर म्हणाले, "हात खाली."

तिचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "बाई, अकरा बायका मेल्या?"

दिगूनं मशीन थांबवलं. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. "वहिनी, शपथेवर सांगतो, मी एका अक्षरानं बोललो नाही हिच्याशी."

"तू नाही बोललास."

"मग हिला कुणी सांगितलं?"

"सारजाबाईनं," मी म्हटलं. "आत्ता. आपल्यासमोर."

आवाज पुसणाऱ्या साहेबांनी कानांचा बंदोबस्त केला होता आणि ओठ तसेच सोडले होते. कान असलेल्या माणसाला ते सुचणारच नाही. मलाही कुठं सुचलं होतं? बावीस वर्षं ओष्ठवाचन शिकवणारी बाई मी, आणि आवाज गेल्याबरोबर मान खाली घालून बसले. आणि पमाचे हात धरले ते वेगळंच. मला त्या मिनिटाला स्वतःची फार लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर ती अजून पुरती गेलेली नाही.

मग दिव्याची काळजी सोडून आम्ही बसलो. दिगू ती सात ठिकाणं एकेक करून लावायचा, पमा ओठ वाचायची, मी जुळवून बघायची. हे काम वाटतं तसं सोपं नसतं. प, ब आणि म ओठांवर अगदी सारखे दिसतात. क आणि ग तर घशातच राहतात, बाहेर दिसतच नाहीत. अर्ध्याहून जास्त अंदाजानं भरावं लागतं, आणि सारजाबाई बोलणार गावाकडचं, पमाला येणार शाळेतलं. पण दिगूकडं एक उपाय होता. आमचं चुकलं की तो काही न बोलता रीळ मागं घ्यायचा. बरोबर आलं की पुढचं ठिकाण लावायचा. रीळ मागं घेणार नाही असं त्यानं कुठं लिहून दिलं नव्हतं. एका वाक्याला नऊ वेळा मागं घेतलं. दहाव्या वेळी पमा म्हणाली, "तपासायला साहेब येतात त्या दिवशी आम्हाला सुट्टी देतात," आणि दिगू खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेला आणि तिथंच पाठ करून उभा राहिला.

सातव्या ठिकाणी गाडी अडली. तिथं सारजाबाई कुणाचं तरी नाव घेत होती. पमा म्हणाली, "नाव आहे. नावं नाही ओळखता येत." दिगूनं रीळ मागं घेतलं नाही, पुढंही घेतलं नाही. आम्ही ते तसंच सोडलं.

"पमा, उद्या हे तू बोलायचंस," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

ती ताडकन उठली. "नाही."

मला कारण ठाऊक होतं. दहा वर्षांपूर्वी रेशनच्या दुकानात तिनं साखर मागितली आणि रांगेतल्या लोकांनी तिच्या आवाजाची नक्कल केली. तिचा आवाज जाड, एकसुरी, नाकातून येणारा. तिनं स्वतः तो कधी ऐकलेलाच नाही, तर वळण कुठून देणार? त्या दिवसापासून ती शाळेबाहेर बोललीच नव्हती. दुकानात चिठ्ठी द्यायची. माझी अकरा वर्षांची मेहनत त्या रांगेनं पाच मिनिटांत मातीत घातली होती.

मीच उभी राहून बोलले असते. पण मी कान असलेली बाई. मी बोलले असते तर फौजदारानं विचारलं असतं, तुम्हाला हे कुणी सांगितलं, आणि थेट दिगूवर आलं असतं. पमाला ते कुणी विचारू शकत नव्हतं. तिला ते समोर दिसत होतं.

"लोक हसतील," ती म्हणाली.

"हसतील," मी म्हटलं. तिच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, ती ओठ बघून ओळखायची.

"मग मी काय करायचं?"

"बोलत राहायचं. तुला कुठं ऐकू येणारय ते हसलेलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग फसकन हसली आणि माझ्या दंडावर एक चापट मारली. विद्यार्थिनीनं मुख्याध्यापिकेला मारलेली ती चापट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

रविवारी सकाळी मी शाळेच्या कार्यक्रम वहीत माझ्या हातानं लिहिलं, 'दुपारी चार वाजता, ओष्ठवाचनाचे प्रात्यक्षिक, चित्रपटाच्या साहाय्याने.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढं त्याच ओळीबद्दल संस्थेनं माझा खुलासा मागवला, आणि कार्यवाहकची मी कधी मुख्याध्यापिका झाले नाही ती नाहीच. सांगलीहून एक गृहस्थ आणून बसवले. मी वर्गात परत गेले आणि निवृत्त होईपर्यंत वर्गातच राहिले. तिथं पाठ टेकायला भिंत होती, माझं बरं चाललं.

साडेतीनपासून बायका यायला लागल्या. गिरणीला रविवारी सुट्टी असायची. तीस-पस्तीस जणी आल्या, धुतलेली लुगडी नेसून, आणि सगळ्या मागच्या बाजूला दाटीवाटीनं बसल्या. हॉलमधे खोकल्याचा आवाज सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबला नाही. फौजदार मगदूम चारला पाच मिनिटं असताना आले. उंच, शांत माणूस. हातात त्या सात ठिकाणांची यादी आणि बॅटरी. पुढच्या खुर्चीवर बसून त्यांनी यादी मांडीवर ठेवली आणि टोपी शेजारच्या खुर्चीवर.

अनुसा सगळ्यांच्या आधीच येऊन बसली होती. विशीतली, किडकिडीत, मांडीवर गाठोडं. दिगू तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तिनंच विचारलं, "आईचं बोलनं येतंय न्हवं त्यात?"

दिगूनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याजवळ बसले. "बोलणं येईल. पण आवाज आईचा नसेल, गं. तो काढून घेतलाय."

"मग कुनाचा?"

मी पडद्याजवळ उभ्या असलेल्या पमाकडं बोट दाखवलं. अनुसानं तिच्याकडं बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा पडला ते मला दिसलं.

दिवे मालवले. मी पमाच्या मागं उभी होते. तिला आवाज कधी येतो आणि कधी जातो हे कळणार नव्हतं, म्हणून आमचं ठरलं होतं, आवाज गेला की मी तिच्या खांद्यावर टिचकी मारायची. पहिलं ठिकाण आलं. सारजाबाई पडद्यावर आली, स्पीकर गप्प झाला, मी टिचकी मारली.

"माझं... नाव... सारजा," पमा म्हणाली. "मी... नऊ वर्षं... दळते."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी. त्या आवाजाला लोक हसतातच, त्यात वाईटपणा नसतो, सवय नसते. पमाची पाठ माझ्याकडं होती, ती पडद्याकडं बघत बोलत राहिली. "पूड असते त्या खोलीला... खिडकी नाही." मागच्या हसणाऱ्या बाईला शेजारणीनं म्हटलं, "गप गं, खरं बोलतीया."

फौजदार उठले. बॅटरीचा झोत आधी यादीवर, मग पमावर, मग माझ्यावर. "बाई, इथं आवाज बंद पाहिजे."

"बंदच आहे, साहेब. ऐका की."

त्यांनी ऐकलं. स्पीकर गप्प होता. "मग या कोण बोलतायत?"

"आमच्या शिक्षिका. जन्मापासून बहिऱ्या आहेत. समोरच्या माणसाचे ओठ बघून त्याचं बोलणं सांगतात. आमच्या शाळेत हेच शिकवतात. वहीत नोंद आहे, दाखवू?"

"ओठ बघून?"

"हो."

"मी आत्ता काय बोलतोय ते यांना कळेल?"

"तुमच्याकडं बघितलं तर कळेल. पण त्या आत्ता कामात आहेत."

मगदूमांनी यादी पुन्हा वाचली, वरून खाली, जणू तिच्यात आणखी एखादी ओळ सापडेल. मग बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवाल दिला त्यात, सातही ठिकाणी चित्रपटाचा आवाज बंद असल्याची खात्री केली, एवढंच लिहिलं होतं. ते खरंच होतं.

पमा बोलत गेली. डॉक्टर टीबी म्हणतात, टीबी नाही, गारेची पूड आहे. आमच्याबरोबर लागलेल्या अकरा बायका मेल्या. तोंडाला बांधायला फडकं मागितलं तर म्हणाले, घरून आणा. मागचं हसणं केव्हाच थांबलं होतं. सातव्या ठिकाणी पमा अडखळली आणि म्हणाली, "इथं... नाव आहे. मला नाव... ओळखता येत नाही." मागून एका म्हातारीनं ते नाव घेतलं, गिरणीच्या मालकाचं. मग दुसरीनं, मग सगळ्यांनी मिळून, जोरात नाही, साध्या आवाजात, हजेरी दिल्यासारखं. फौजदारांच्या यादीत बायकांच्या तोंडाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

माझी नजर सारखी अनुसाकडं जात होती. सगळा हॉल हलला होता, पण ती तशीच बसली होती, गाठोडं धरून, ताठ. डोळ्यांत टिपूस नाही. तहसील कचेरीत कुणी कागद वाचून दाखवावा तशी ऐकत होती. मला कळून चुकलं की सगळ्यांना जे पाहिजे होतं ते मिळालं आणि जी एवढ्या लांबून ऐकायला आली होती तिला मिळालं नव्हतं. दिगूलाही ते दिसलं होतं. मशीनच्या उजेडात त्याचा चेहरा ओढलेला होता.

सात ठिकाणं संपली. मी सुटले असं वाटून पमाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. शेवटचं दृश्य सुरू झालं. जेवणाची सुट्टी, लिंबाची सावली, बायका भाकरीची फडकी सोडताहेत. वर सतार वाजत होती आणि दिगूचा स्वतःचा आवाज होता. त्या शेवटच्या वाक्यांचा त्याला फार अभिमान होता, मला सकाळी म्हणूनसुद्धा दाखवली होती त्यानं. "या बायका बोलत नाहीत. मुक्यानं दळतात, मुक्यानं खोकतात, मुक्यानं निघून जातात." आता ती वाक्यं फिल्ममधे नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं ती स्वतः कापली.

पमाला सतार ऐकू येत नव्हती आणि दिगूही ऐकू येत नव्हता. हे दृश्य आम्ही शनिवारी लावलंच नव्हतं. तिनं माझ्या टिचकीची वाट बघितली नाही. पडद्यावर सारजाबाई होती आणि सारजाबाईचं तोंड हलत होतं, एवढंच तिला दिसत होतं.

"हा मुलगा," पमा म्हणाली, "सकाळपासून... उपाशी आहे."

"...मुक्यानं खोकतात," स्पीकरमधून दिगू म्हणाला.

"नुसता... चहा पितो."

मी तिला थांबवायला हात पुढं केला, तेवढ्यात दिगूनं आवाजाचं बटण फिरवलं. सतार बंद झाली.

"कुणीतरी... याला भाकरी द्या," पमा म्हणाली. "माझ्या फडक्यातली द्या. मला आज... जात नाही."

सारजाबाईनं हातानं थेट आमच्याकडं, म्हणजे कॅमेऱ्याकडं खूण केली, शेजारणीला काहीतरी सांगून हसली, आणि रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. कुणी उठलं नाही. दिगूनं दिवा चालू ठेवला. तो बोलला, पण कुणाकडं बघून नाही.

"त्या दिवशी आवाजाचं मशीन बिघडलं होतं. नुसतं चित्र घेतलं. ती काय म्हणत होती ते मी विचारलंच नाही. चित्र छान आलं म्हणून शेवटी लावलं, आणि वर मीच बोललो."

त्यानं रीळ मागं घेतलं आणि पुन्हा लावलं, आवाजाशिवाय. पमानं पुन्हा सांगितलं. हा मुलगा सकाळपासून उपाशी आहे. कुणीतरी याला भाकरी द्या.

"आई असं न्हाई म्हनायची," अनुसा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती. गाठोडं खाली पडलं होतं, तिचं लक्ष नव्हतं. ती पडद्याकडं बघत होती. तिनं एक हात कमरेवर ठेवला आणि दुसरा सारजाबाईसारखाच पुढं केला.

"'अगं ए, त्या पोराला भाकर द्या की गं कुनीतरी. सकाळपास्नं निस्त्या च्यावर हाय त्यो. माज्या फडक्यातली द्या, मला न्हाई जात आज.' असं म्हनली आसंल ती."

मागची म्हातारी म्हणाली, "सारजाच बोलली गं बाई," आणि रडायला लागली. अनुसानं झटकन स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. काय झालं ते तिला कळलं असावं. मग ती खाली बसली आणि रडली, तिथंच, फरशीवर, कुणाची भीडभाड न ठेवता. पमा तिच्या शेजारी जाऊन बसली. तिनं अनुसाच्या गळ्यावर हात ठेवला, मी तिला लहानपणी ठेवायला शिकवलं होतं तसा, आणि ती रडत होती तोवर तिथंच ठेवला. फौजदारांनी यादीची घडी घातली आणि टोपी हातात घेऊन दारापाशी जाऊन उभे राहिले.

बऱ्याच वेळानं अनुसानं डोळे पुसले आणि दिगूकडं बघितलं.

"मग, जेवला का तुमी त्या दिवशी?"

"जेवलो," दिगू म्हणाला. "कुणाची भाकरी होती, ते नाही विचारलं."